भुंग्याच्या सिनेमाचे तीन आठवडे

टॉकीजचा ऑपरेटर म्हटलं की लोकांना वाटतं, या माणसाने जन्मभर बसून सिनेमे पाहिले. लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक पाहुणा मला हेच म्हणतो. मी नगरच्या एका टॉकीजच्या कॅबिनमध्ये चौतीस वर्षं काढली, आणि खुर्चीत बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहिलेले सिनेमे मला दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. कॅबिनच्या भिंतीत वीतभर काचेची खिडकी असते. तिच्यातून एक डोळा पडद्यावर ठेवायचा आणि एक कान भिंतीवरच्या छोट्या स्पीकरकडे. चित्र चौकटीत बसलंय का, कडा धूसर झाल्यात का, आवाज कुठे फाटतोय का, एवढं बघायचं. नायिका का रडतेय हे आपल्याला दोन-तीन दिवसांनी, तुकड्यातुकड्यांनी कळतं.

त्यातही माझा अभिमान होता तो कानाचा. रिळांच्या काळात मशीनची एवढी खडखड असायची की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. त्या खडखडीतसुद्धा एखादी फ्रेम सरकली, पट्टा सैल झाला, तर मला आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. पुढे मशीन बदललं. आता सिनेमा एका छोट्या पेटीतून डिस्कवर येतो. ती संगणकावर चढवायची, आणि तिची किल्ली वितरकाकडून ई-मेलने येते. किल्ली नाही आली तर डिस्क हातात असून उपयोग शून्य. मशीनची खडखड गेली, तरी बोरुडे म्हणायचे, "साळवे, मशीन बदललं, पण तुमचा कान बदलू नका." बोरुडे म्हणजे आमचे मॅनेजर. वयाने माझ्याहून लहान, पण टॉकीज जगवायची सगळी धडपड त्यांची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या सिनेमाची तारीख ऐन वेळी पुढे गेली आणि आमच्या दुपारच्या दोन्ही खेळांना सिनेमाच उरला नाही. बोरुड्यांनी पुण्याला फोन लावून लावून एक सिनेमा मिळवला. परदेशी होता, संगणकावर रंगवलेला. पोस्टरवर फुलाच्या देठावर उभा असलेला एक तपकिरी भुंगा, आणि खाली 'सहकुटुंब पाहावा असा'.

पहिला घोळ तिकिटाच्या खिडकीवर झाला. तिकीट छापणाऱ्या संगणकाला सिनेमाची भाषा सांगावीच लागते. तो रकाना मोकळा ठेवला तर तिकीट बाहेर येत नाही. परदेशी म्हणून बोरुड्यांनी 'इंग्रजी' टाकलं. निम्मी माणसं "आम्हाला इंग्रजी कळत नाही" म्हणून माघारी जायला लागली, तेव्हा त्यांनी 'हिंदी' केलं. सिनेमा नेमका कोणत्या भाषेत आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं, मीही नाही. डिस्क आली, किल्ली आली, चढवली. खेळाआधी मी सुरुवातीची दोन मिनिटं तेवढी चालवून पाहिली. वारा, गवत, पानावर पाण्याचा थेंब. चित्र स्वच्छ होतं.

पहिला खेळ दुपारी बाराचा. बरीच कुटुंबं होती, लहान मुलं होती. सिनेमा सुरू झाला. भुंगा एका बागेत राहतो, वावटळ येते, तो उडून एका ट्रकवर पडतो आणि कुठल्या कुठे जातो. पाच मिनिटं झाली, कोणी बोलेना. दहा झाली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. टॉकीजचा आवाज एका जागेवरून येत नाही. डावीकडून वेगळा, उजवीकडून वेगळा, मागच्या भिंतींवरून वेगळा. पात्रांचं बोलणं मात्र नेहमी मधल्या स्पीकरमधून येतं. तो पडद्याच्या बरोबर मागे असतो. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यांतून आवाज पुढे येतो. तेव्हा संगीत येतंय आणि बोलणं येत नाही, म्हणजे मधला स्पीकर गेला, हे या धंद्यात कोणीही सांगेल.

पण मी लगेच उठलो नाही, त्याचं कारण वेगळं होतं. गेलं वर्ष-दीड वर्ष मला बोलणं नीट लागत नव्हतं. शब्द यायचे, पण त्यांच्या कडा झिजलेल्या. 'सात' की 'हात', 'फळ' की 'पळ', कळायचं नाही. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेटरच्या कानात दोष आहे हे कळलं तर त्याला कोण ठेवेल? म्हणून मी कानाऐवजी यंत्रावरच्या मीटरच्या दिव्यांकडे बघून आवाज ठेवायला शिकलो होतो. आवाज आला की दिवे वरखाली होतात. शब्द मोकळे यावेत म्हणून बारीक आवाजही, म्हणजे वरच्या पट्टीतला टोकदार आवाज, मी थोडा थोडा वाढवत गेलो होतो. त्या दुपारी दहा मिनिटं मी हाच विचार करत बसलो, की पात्रं बोलतायत आणि मलाच ऐकू येत नाहीये.

मग खालून शिट्ट्या सुरू झाल्या. "आवाज! ओ ऑपरेटर, आवाज सोडा!"

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. म्हणजे त्यांनाही ऐकू येत नव्हतं. मी खेळ थांबवला, दिवे लावले आणि टॉर्च घेऊन पडद्यामागे पळालो. मधल्या स्पीकरच्या तारा काढून पुन्हा घट्ट केल्या. वर येऊन सुरू केलं. तेच. पुन्हा खाली. या वेळी सिनेमा चालू ठेवून मी स्पीकरच्या कागदी तोंडावर तळहात ठेवला. तो थरथरत होता. स्पीकर जिवंत होता. मग बोलणं कुठे होतं?

पडद्याच्या कडेने कांताबाई मागे आल्या. कांताबाई आमच्या दारावर असायच्या, टॉर्चने लोकांना खुर्च्या दाखवायच्या. सिनेमा माझ्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिलेला, कारण त्या आत असत.

"साळवेभाऊ, काय खटाटोप लावलाय?"

"बोलणं येत नाही, कांताबाई."

"आवो, कोनी बोलतच न्हाई त्यात. तोंडच हालत न्हाई कुनाचं. किडं कशाला बोलत्याल?"

तेवढ्यात बोरुडे धापा टाकत आले. त्यांनी पुण्याला फोन केला होता. तिकडचा माणूस हसून म्हणाला होता की या सिनेमात एकही शब्द नाही. ते तर त्याचं वैशिष्ट्य आहे. बोरुड्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "आता तुम्हीच सांगा जाऊन," ते म्हणाले, "माझ्यावर लोक चिडलेत."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी पडद्याच्या पुढे उभा राहिलो. समोर अडीचशे चेहरे. "मंडळी," मी म्हणालो, "बिघाड काही नाही. या सिनेमात कोणी बोलत नाही. तो असाच आहे."

एक गृहस्थ उभे राहिले. "मग तिकिटावर हिंदी का लिहिलंय?"

मी म्हणालो, "उद्यापासून मराठी लिहू."

लोक खो खो हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी मात्र खरंच गोंधळून बोललो होतो. दुसऱ्या दिवशी बोरुड्यांनी संगणकात 'मराठी' टाकलं आणि तेच तीन आठवडे राहिलं.

उरलेला खेळ सुरळीत चालला. शिट्ट्या थांबल्या की काय होतं, ते त्या दिवशी पाहिलं. लोक स्वतःच बोलायला लागले. बाप मुलाला सांगतोय, मुलगी आईला सांगतेय, मागच्या रांगेतला पुढच्या रांगेतल्याला सांगतोय. भुंग्याला वाटेत एक रातकिडा भेटतो, एका मिशीचा, दुसरी तुटलेली. दोघं मिळून परत निघतात. मोठा रस्ता ओलांडतात, गटारातून वाहत जातात, एका बुटात झोपतात. कुटुंबागणिक त्याची वेगळी गोष्ट होत होती.

शेवटाकडे एक प्रसंग येतो. पांढरं पांढरं काहीतरी पडायला लागतं. तो बर्फ होता, पण नगरच्या लोकांना पटकन कळेना. कोणी कापूस म्हणालं, कोणी युरिया. भुंगा त्याखाली गाडला जातो. रातकिडा एका वाळल्या काडीवर चढून उभा राहतो. आणि मग दोन-अडीच मिनिटं काहीच घडत नाही. पडदा पांढरा, काडीवर ठिपक्याएवढा रातकिडा, आणि संपूर्ण शांतता.

मला ते आवडलं होतं. एवढी शांतता सिनेमात कोणी ठेवत नाही. पण यंत्राकडे नजर गेली तर मधल्या स्पीकरचे दिवे उड्या मारत होते. हिरवा, हिरवा, मग थोडा थांबून पुन्हा हिरवा. आवाज नाही आणि दिवे मात्र चालू. मी यंत्रावर थापट्या मारल्या. दिवे उडतच राहिले. मीटर बिघडला, मी मनाशी म्हटलं. खिडकीतून खाली पाहिलं तर पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत होती. शांततेने माणसं रडतात हे मला नवीन होतं.

सिनेमाचा शेवट असा, की बर्फ वितळतो, माती फुगते, आणि तिच्यातून एक भुंगा बाहेर येतो. तोच, की दुसरा, हे सांगितलेलं नाही. यावरून रोज दारात वाद.

राहुरीकडचे एक शेतकरी बायको आणि दोन मुलींना घेऊन आले होते. खेळ सुटल्यावर ते थेट कॅबिनच्या जिन्यावर चढून आले. ऑपरेटरने सिनेमा बनवलेला असतो अशी काही जणांची समजूत असते. "भाऊ," ते म्हणाले, "ह्यो हुमनीचा भुंगा हाय. आमच्या उसाच्या मुळ्या खाऊन वाटोळं करतोय. बाभळीखाली दिवा लावून, रॉकेलच्या पान्यात पाडून मारतो आमी त्याला. आन् आमच्या पोरी त्याच्यासाठी टाळ्या पिटत्यात. तुमी सांगा, काय समजायचं मानसानं?"

मी म्हणालो, "मलाही कळत नाही."

"आन् त्यो शेवटचा त्यो नव्हंच. अंडी घालून मरतो भुंगा. वर आला त्यो दुसराच."

हे ऐकलं आणि जिन्याखाली उभी असलेली त्यांची धाकटी, असेल सात वर्षांची, मोठ्याने रडायला लागली. बाप बिचारा गडबडला. "आगं तसं न्हाई," म्हणाला, "त्यो तिकडचा हाय, परदेशातला, त्याचं येगळं असंल." कांताबाईंनी तिला जवळ घेतलं. "तोच हाय गं. झोपला हुता. आमी रोज बघतो." पोरगी बापाकडे बघू लागली, बाप माझ्याकडे. मी हो म्हणालो. जाता जाता ते गृहस्थ हळूच म्हणाले, "मी आता रानात गेल्यावर काय करू?" आणि स्वतःच हसले.

ते गेल्यावर मी कांताबाईंना विचारलं, "ती बर्फाची शांतता लोकांना एवढी का लागते हो?"

"कसली शांतता?"

"अहो, रातकिडा काडीवर उभा असतो तेव्हाची."

"शांत कुठं? वरडतोय की त्यो!" कांताबाई म्हणाल्या. "दोस्त खाली गाडला म्हनून हाका मारतोय. आधी जोरात, मंग थकून थकून. मला तर रोज कसंतरीच हुतं. तुमी वर बसून काय करता काय?"

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून तंत्रज्ञ बोलावला. बोरुड्यांना सांगितलं, मीटरचे दिवे आपोआप उडतात. तंत्रज्ञाने तासभर सगळं तपासलं, तो प्रसंग लावून ऐकला. "मीटर एकदम बरोबर आहे, काका," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "फक्त तुमचा बारीक आवाज फार वर आहे. एवढा कोणी ठेवत नाही. रातकिडा कानात घुसतोय." मी म्हणालो, "आमच्याकडे असाच लागतो." तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला आणि निघून गेला.

तरीही मी मानलं नाही. मला आठवतंय, मी घरी कितीदा म्हटलं होतं की आता नगरमध्ये रातकिडे राहिले नाहीत, औषधं मारून मारून संपले सगळे. शेजाऱ्यांनाही म्हटलं होतं. कोणी उलट बोललं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, मोठा माणूस आहे, म्हणतोय तर म्हणू दे.

दुसऱ्या आठवड्यात माझी बायको कमल आणि आमची नात सिनेमाला आल्या. नातीने हट्टच धरला, की आजोबांनी शेजारी बसायचं. रिळांच्या काळात हे शक्य नव्हतं. आता मशीन एकदा सुरू केलं की चालतं. कांताबाई म्हणाल्या, "बसा वो. काय झालं तर मी हाक मारते." मी खाली आलो आणि मधल्या रांगेत कमलच्या शेजारी बसलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि माझ्याच टॉकीजमध्ये आम्ही पहिल्यांदा शेजारी बसून सिनेमा बघत होतो.

मी मजेत होतो. कोणी बोलतच नसल्यामुळे काही चुकण्याची भीती नव्हती. गटाराच्या प्रसंगाला लोक हसले, मीही हसलो. बर्फ पडायला लागला. नात खुर्चीच्या कडेवर सरकली. रातकिडा काडीवर चढला, आणि माझ्यासाठी नेहमीसारखं सगळं गप्प झालं. मी कमलच्या कानाशी लागून म्हणालो, "बघ, किती शांत ठेवलंय."

मला वाटलं मी कुजबुजलो. पण पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं.

कमलने माझ्याकडे पाहिलं. पडद्याच्या पांढऱ्या उजेडात तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तिने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग तिने माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने टिचक्या मारायला लागली. टिक टिक टिक. थांबली. टिक टिक टिक. पुन्हा थांबली, जरा जास्त. मग दोनच. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपलं. मग एक अगदी हलकी टिचकी आली, आणि टॉकीजभर लोकांनी नाक ओढल्याचं मला दिसलं. ऐकू आलं नाही, पण रुमाल दिसले.

घरी जाताना रिक्षात नात बडबडत होती. घरी आल्यावर, नात खेळायला गेली तेव्हा, कमलने विचारलं, "किती दिवस?"

"वर्ष. दीड वर्ष."

"मला का नाही सांगितलं?"

मी नोकरीचं कारण दिलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माझं बोलणं नको झालंय. मी काही सांगितलं की तुम्ही मान हलवायचे आणि तिसरंच करायचे. शेवटी मी सांगायचंच सोडून दिलं. माझ्या बहिणीच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला आठवतंय?"

मला ते माहीतच नव्हतं. तिने म्हणे दोनदा सांगितलं होतं.

एवढ्या वर्षांत मी कमलला रडताना फार वेळा पाहिलं नाही. त्या दुपारी ती ओट्याला टेकून रडली, आणि ती रागाने रडतेय की दुःखाने की सुटल्यासारखं वाटून, हे मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी मी बोरुड्यांना सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ टेबलावरचा पेन फिरवत बसले. "म्हणजे साळवे," ते म्हणाले, "गेलं दीड वर्ष आपल्या टॉकीजचा आवाज कोण ऐकत होतं?"

"कोणीच नाही, साहेब. मी दिवे बघत होतो."

त्यांना रागवावं की काय करावं ते कळेना. आणि मला तेव्हा भिंगारचे सुभेदारसाहेब आठवले. फौजेतून निवृत्त झालेले, दर रविवारी एकटेच यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. वर्षभरात तीनदा ते जिना चढून माझ्याकडे आले होते. "ऑपरेटरसाहेब, तुमचा आवाज टोचतो. कानात सुई घातल्यासारखा." पहिल्या वेळी मी बघतो म्हणालो. दुसऱ्या वेळी म्हणालो, बाकी कोणाची तक्रार नाही. तिसऱ्या वेळी, शेजारी चार माणसं उभी असताना, म्हणालो, "साहेब, तुम्ही एकदा तुमचे कान तपासून घ्या." त्यानंतर ते आलेच नाहीत.

जिल्ह्याच्या रुग्णालयात माझी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे सरळ जाते आणि उजवीकडे एकदम विहिरीत पडावी तशी खाली. बारीक आवाज सगळे त्या विहिरीत. मशीनच्या खडखडीने वर्षानुवर्षं थोडं थोडं खाल्लेलं. तो कागद खिशात घेऊन मी भिंगारला गेलो. सुभेदारसाहेबांचं घर शोधायला अर्धा तास लागला. ते बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, "साहेब, तपासायचे होते ते माझे कान. तुमचे बरोबर होते."

त्यांनी चष्मा लावून रेघ नीट पाहिली. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. मी तयारीने गेलो होतो. ते आत गेले आणि स्वतःचा तसाच एक कागद घेऊन आले. "तुम्ही म्हणालात म्हणून मीही तपासून आलो," ते म्हणाले. "तोफखान्यात होतो मी. माझा एका बाजूचा कान गेलाय, दुसऱ्या बाजूला आवाज टोचतो. दोष माझाच निघाला."

"पण आवाजही जास्त होता साहेब. पुण्याचा माणूस सांगून गेला."

"मग चूक कोणाची म्हणायची?"

आम्ही दोघंही दोन कागद समोर ठेवून बसलो. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. चूक कोणाची हे ठरलं नाही. मी त्यांना टॉकीजला यायचं आमंत्रण दिलं. तिसऱ्या आठवड्यात ते आले, मुलगा, सून, नातवंडं सगळ्यांना घेऊन. तोवर मी बारीक आवाज खाली आणला होता, कांताबाईंना मध्यभागी उभं करून, त्यांच्या हाताच्या खुणेवर. वर, वर, बस. खाली, खाली, बस. एवढ्या वर्षांचा माझा कान, आणि शेवटी आवाज लावला दारावरच्या बाईंनी. जाताना सुभेदारसाहेब म्हणाले, छान होता. कोणत्या बाजूच्या कानाने, ते मी विचारलं नाही.

सिनेमा उतरला तसा मीही कॅबिनमधून उतरलो. निर्णय माझा होता. बोरुडे थांबा म्हणत होते. मशीन नगरच्याच एका मुलीला शिकवून दिलं. तिने आयटीआय केलंय, तिचा कान फार चांगला आहे. मला हे सांगताना अजून थोडं जड जातं. आता मी कांताबाईंबरोबर दारावर असतो. कानात यंत्र आहे. त्याच्यातून खूप काही ऐकू येतं, पिशवीची चुरचुर, चपलांची फरफर, बोरुड्यांचा पेन. इतकं येतं की त्यातलं कामाचं कोणतं ते मला अजून निवडता येत नाही. कमल म्हणते, हळूहळू येईल. ती आता मला सगळं सांगते, आणि समोर उभी राहून सांगते.

दारावरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुसरा कुठलातरी सिनेमा लागला होता, भरपूर बोलण्याचा. खेळ सुटला आणि एक बाई घोळक्यातून माझ्यापाशी येऊन थांबल्या. पायात साध्या चपला, हातात टिफिनची पिशवी, एकट्याच आलेल्या. त्यांना कोणाला तरी सिनेमाबद्दल सांगायचं होतं आणि समोर मी होतो. कॅबिनमध्ये असं कधी झालं नव्हतं. त्या भरभर बोलायला लागल्या. कोणीतरी कोणाचं पत्र लपवलं होतं, कोणीतरी परत आलं होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की तिने त्याला माफ करायला नको होतं. मागे दार आपटत होतं, रिक्षावाले हाका मारत होते. मला निम्मं समजलं, निम्मं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी पिशव्या, चपला, रिक्षा यांच्यातून त्यांचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"बाई, मला कमी ऐकू येतं," मी म्हणालो. "जरा पहिल्यापासून सांगता का?"

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, आणि सांगायला लागल्या.